पहिली पायरी गाळू नकोस

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसुदे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रच करणार असेल, तर चिपळूणला कनिष्ठ वकील म्हणून बसून मी शिकणार तरी काय, असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे, म्हणून खोटा दिलासा देत नाही. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून नोटीस, भाडेकरार, साधे कुलमुखत्यारपत्र यांचा कच्चा मसुदा काही क्षणांत मिळू लागला. नेमकी हीच कामे आजवर नव्या मुलांच्या वाट्याला येत असत. मला चिंता वाटते ती या पहिल्या पायरीची, कारण ती गाळून वर चढलेला चांगला वकील माझ्या पाहण्यात नाही.

समज, खेड तालुक्यातल्या एका काजूच्या बागेचा व्यवहार तुझ्याकडे आला. सातबारा यंत्रापुढे ठेवलास, तर ते भोगवटादार, क्षेत्र आणि आकार (म्हणजे शेतसारा) नीट मांडून देईल. ‘इतर हक्क’ या रकान्यातली कूळकायदा कलम 43 ची, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवरील बंधनाची, नोंदही दाखवील आणि 32म प्रमाणपत्राला, म्हणजे कुळाने जमीन खरेदी केल्याच्या दाखल्याला, 10 वर्षे झाली असल्यास आकाराच्या 40 पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते, हेही सांगेल. परंतु ते प्रमाणपत्र कोणत्या सालचे, हे शोधायला जुने फेरफार काढावे लागतात आणि फिकट शाईतले ते मोडके अक्षर लावताना तलाठ्याने कोणता गट चुकून दुसऱ्याच्या नावे चढवला, हेही हळूहळू दिसू लागते. त्यापुढचे काम तर कागदावर नसतेच. सामाईक खात्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी गिरणीच्या काळात मुंबईला गेलेल्या घरांची, काही माणसे वारलेली पण वारसनोंद झालेली नाही, आणि बहिणींची नावे तर लावलेलीच नाहीत. कोणाची सही राहून गेली आहे, हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या काकूंपाशी पडवीत तासभर बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या मते आपल्या व्यवसायाचा गाभा इथे आहे.

जबाबदारीचेही तसेच. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले, तेव्हा न्यायाधीशांनी 5,000 डॉलरचा दंड वकिलांनाच ठोठावला. सही ज्याची, उत्तर त्याचेच.

भाकिते मात्र जपून ऐक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रातले अग्रणी जेफ्री हिंटन यांनी 2016 साली क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे थांबवावे असे म्हटले होते, आणि रुग्णालयांना ते तज्ज्ञ आजही हवेच आहेत. याचा अर्थ हातात कसब आहे म्हणून काम टिकतेच, असाही नाही. मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपानंतर गावी परतलेल्या कितीतरी कामगारांचा साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, हात उत्तम होता, पण त्यांच्यासाठी साचाच उरला नाही. आपल्या घराघरांत हे घडले आहे, म्हणून तुला निर्धास्त राहा असे मी कधीच म्हणणार नाही.

तेव्हा पहिले वर्षभर तरी प्रत्येक दस्त आधी स्वतः वाच, आपल्या हाताने मसुदा लिही आणि मगच यंत्राचा मसुदा शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहा. त्याने तुझी चूक दाखवली तर मोकळ्या मनाने घे. त्याची चूक तुला सापडली, तर ती कशी सापडली हे वहीत नोंदव. (पक्षकाराचे आधार क्रमांक आणि घरातले वाद कोणत्याही फुकटच्या साधनात घालू नकोस, ते त्याने विश्वासाने तुझ्याकडे सोपवलेले असतात.) दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले हेलपाटे टाळू नकोस, कारण दस्त कुठे आणि का अडतो, हे तिथल्या खिडकीपाशीच समजते.

मुंबई-पुण्याच्या एखाद्या मोठ्या कार्यालयातून बोलावणे आले, तर अवश्य जा. तिथे पगाराच्या आधी एवढे विचार, की यंत्राने केलेला मसुदा कोण तपासतो आणि ते तपासणे नव्या माणसाला कोण शिकवतो. यावर नाव घेऊन सांगता येईल असा एकही ज्येष्ठ त्यांच्याकडे नसेल, तर पगार दुप्पट असला तरी तिथे रुजू होऊ नकोस.

तुझा,
काका