सस्पेंड, रिझ्यूम आणि इंटरप्ट : वाचकांच्या शंका

प्रश्न : आम्ही एका पीसीआय कार्डासाठी (संगणकाच्या आतल्या खाचेत बसणाऱ्या कार्डासाठी) लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला आहे. संगणक सस्पेंड होताना, म्हणजे झोपताना, ड्रायव्हर 'फ्री_आयआरक्यू' वापरून इंटरप्टची (उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची) लाइन सोडतो, कार्डाला डी3 या झोपेच्या अवस्थेत नेतो आणि रिझ्यूमच्या, म्हणजे जागे होण्याच्या, वेळी लाइन पुन्हा मागून घेतो. एका संगणकावर हे सुरळीत चालते. दुसऱ्यावर मात्र जागे झाल्यावर लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' (कोणीच दखल घेतली नाही) असा संदेश दिसतो आणि त्याच लाइनवरचा यूएसबी कंट्रोलर बंद पडतो. लाइन सोडणे थांबवून पाहिले, तर सस्पेंड होतानाच यंत्र गोठते. या दोहोंपैकी बरोबर पद्धत कोणती?

उत्तर : लाइन सोडू नये, हीच बरोबर पद्धत आहे. यंत्र गोठते ते लाइन हाती ठेवल्यामुळे नव्हे, तर त्याच ड्रायव्हरमधल्या दुसऱ्या एका दोषामुळे, आणि लाइन सोडल्याने तो दोष आजवर फक्त झाकला गेला होता.

आधी यूएसबीचे पाहू. पीसीआयच्या जुन्या पद्धतीच्या इंटरप्ट लाइनी लेव्हल-ट्रिगर असतात, म्हणजे लाइन ओढलेली असेपर्यंत इंटरप्ट येतच राहतो, आणि अनेक उपकरणे एकच लाइन वाटून घेतात. संगणक जागा होताना कार्डाला वीज मिळते ती तुमच्या ड्रायव्हरची पाळी येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्या वेळी कार्डाची रजिस्टरे (त्याच्या आतल्या नियंत्रणाच्या नोंदी) मूळ स्थितीत गेलेली असतात किंवा फर्मवेअरने (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरने) आपल्या सोयीने त्यांत काही लिहून ठेवलेले असते. अशा अवस्थेत कार्डाने लाइन ओढली आणि ड्रायव्हरने तिच्यावरचा आपला हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा भाग) आधीच काढून टाकलेला असला, तर यूएसबीचा हँडलर पुन्हा पुन्हा बोलावला जातो, 'हा माझा नव्हे' असे उत्तर देतो, आणि लाइन मात्र ओढलेलीच राहते. कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अशा बेवारस इंटरप्टची मोजदाद ठेवतो : 1,00,000 पैकी 99,900 हून अधिक इंटरप्ट कोणीच स्वीकारले नाहीत, की तो ती लाइनच बंद करतो. म्हणजे आगळीक तुमच्या कार्डाची आणि शिक्षा यूएसबीला, असा हा प्रकार आहे. शिवाय रिझ्यूममध्ये लाइन पुन्हा मागताना नकार मिळाला, तर ड्रायव्हरपुढे कोणताही शहाणा मार्ग उरत नाही, हा आक्षेप वेगळाच.

आता गोठण्याविषयी. डी3 अवस्थेतल्या कार्डाचे स्टेटस रजिस्टर वाचले, तर कार्ड उत्तर देत नाही आणि प्रोसेसरच्या हाती सगळे बिट एक असलेली संख्या, म्हणजे 0 एक्स एफएफएफएफएफएफएफएफ, पडते. तुमचे कार्ड झोपल्यानंतर शेजारच्या यूएसबीने इंटरप्ट दिला, की वाटून घेतलेल्या लाइनमुळे तुमचा हँडलरही बोलावला जातो. तो स्टेटस वाचतो, त्याला सगळी कामे एकाच वेळी आलेली दिसतात, आणि 'स्टेटस शून्य होईपर्यंत फिरत राहा' अशी लूप त्यात असेल (बहुतेक हँडलरांत ती असतेच) तर ती कधीच संपत नाही. हँडलरच्या पहिल्याच ओळीत सर्व-एक हे मूल्य तपासून 'आयआरक्यू_नन' ('हा माझा नव्हे') परत करणे, हा एक आवश्यक बचाव आहे. पण तेवढ्यावर थांबू नये.

मुख्य दुरुस्ती क्रमाची आहे. सस्पेंडमध्ये प्रथम नवे काम घेणे थांबवावे. मग कार्डाच्या स्वतःच्या मास्क रजिस्टरमध्ये (कोणते इंटरप्ट बाहेर सोडायचे ते ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये) सर्व इंटरप्ट बंद करावेत आणि तेच रजिस्टर लगेच एकदा वाचावे, कारण पीसीआयवरचे लेखन वाटेत रेंगाळू शकते आणि वाचन झाल्याशिवाय ते कार्डापर्यंत पोहोचले याची खात्री देता येत नाही. त्यानंतर 'सिंक्रोनाइझ_आयआरक्यू' बोलावून, दुसऱ्या प्रोसेसरवर या क्षणी चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबावे, आणि हँडलरने पुढे ढकललेली वर्कक्यूमधली (नंतर करायच्या कामांच्या रांगेतली) कामे सगळ्यात शेवटी रद्द करावीत. हा क्रम उलटा केला, तर रद्द केलेले काम उशिरा आलेला हँडलर पुन्हा रांगेत लावू शकतो. कार्ड डी3 मध्ये नेण्याचे काम ड्रायव्हरने स्वतः करूच नये. 2009 मधल्या 2.6.30 या आवृत्तीपासून कर्नेल सस्पेंडच्या 'नोआयआरक्यू' टप्प्याआधी उपकरणांच्या इंटरप्ट लाइनी स्वतःच थोपवतो, आणि पीसीआयची मूळ यंत्रणा कार्डाची अवस्था जतन करून त्याला झोपवते ती त्या टप्प्यात, म्हणजे कोणाचाही हँडलर चुकून त्याला हात लावू शकणार नाही अशा वेळी. हे काम सस्पेंड कॉलबॅकमध्ये (झोपताना कर्नेल बोलावतो त्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) ओढून आणल्यामुळेच तुमचे यंत्र गोठत होते.

रिझ्यूममध्ये मास्क बंद आहे असे गृहीत न धरता तो पुन्हा बंद करावा, साचलेले स्टेटस बिट पुसावेत, बाकीची सर्व रजिस्टरे ड्रायव्हरने मेमरीत ठेवलेल्या प्रतीवरून भरावीत आणि मास्क सर्वांत शेवटी उघडावा. कार्ड एमएसआय (लाइनीऐवजी संदेशाने दिलेला इंटरप्ट) वापरत असेल, तर वाटून घेतलेल्या लाइनीची भानगड मिटते आणि एमएसआयची मांडणीही पीसीआयची यंत्रणाच परत बसवते. कार्डाच्या आतला मास्क मात्र तेव्हाही ड्रायव्हरचीच जबाबदारी असतो.

प्रश्न : आयटूसी बसवरच्या (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावरच्या) एका सेन्सरसाठी आम्ही थ्रेडेड इंटरप्ट, म्हणजे ज्याचा हँडलर झोप घेऊ शकणाऱ्या थ्रेडमध्ये चालतो असा इंटरप्ट, वापरतो. यंत्र जागे होताना कधी कधी लॉगमध्ये आयटूसीच्या चुका दिसतात, आणि अशा काही प्रसंगी त्यानंतर सेन्सरचा इंटरप्ट कायमचा गप्प होतो. ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की तो चालू होतो. हे का होते?

उत्तर : येथे दोन घटना एकामागून एक घडतात. रिझ्यूमच्या ओघात कर्नेल इंटरप्ट लाइनी परत खुल्या करतो ते उपकरणांचे नेहमीचे रिझ्यूम कॉलबॅक चालण्याआधी. सेन्सरचा इंटरप्ट तेव्हाच येतो, थ्रेड जागा होतो आणि आयटूसीवरून स्टेटस वाचू लागतो, पण आयटूसी कंट्रोलर स्वतः अजून झोपलेला असू शकतो. वाचन फसते, आणि त्याबरोबर स्टेटस पुसणेही राहून जाते.

दुसरी घटना याचाच परिणाम आहे. बहुसंख्य सेन्सर आपले स्टेटस वाचले जाईपर्यंत लाइन खाली धरून ठेवतात. तुम्ही ती उतरत्या कडेवर, म्हणजे लाइन खाली जाण्याच्या क्षणीच इंटरप्ट देणाऱ्या एज-ट्रिगर पद्धतीने, मागितली असणार. कड एकदाच येऊन गेली, वाचन फसले, लाइन खालीच राहिली. आता नवी कड येणार कोठून? जीपीआयओ कंट्रोलरची (ही लाइन ज्याला जोडलेली असते त्याची) वीजच गेलेली असताना कड आली, तर ती कोणाच्याच नोंदीत राहत नाही, हा त्याच प्रकारचा दुसरा पेच.

उपाय असा : सस्पेंडमध्ये 'डिसेबल_आयआरक्यू' आणि रिझ्यूममध्ये सेन्सर तयार झाल्यावर 'एनेबल_आयआरक्यू' बोलवावे. उपकरणे ज्या क्रमाने झोपतात त्याच्या उलट क्रमाने जागी होतात, त्यामुळे तुमच्या रिझ्यूमची पाळी येईपर्यंत बस चालू झालेली असते. या जोडीची मोजणी होते. एकदा बंद करून दोनदा उघडले, तर कर्नेल 'अनबॅलन्स्ड एनेबल' असा इशारा देतो. लाइन शक्य असल्यास लेव्हल-ट्रिगर आणि 'वनशॉट' (थ्रेडचे काम संपेपर्यंत बंद राहणारी) मागावी. जीपीआयओ कंट्रोलरला लेव्हल ओळखता येत नसेल, तर रिझ्यूमच्या शेवटी स्टेटस एकदा मुद्दाम वाचून टाकावे. हा दुसरा उपाय दिसायला ओबडधोबड असला, तरी मी तो लेव्हल-ट्रिगर असतानाही ठेवतो.

प्रश्न : यंत्राला झोपेतून उठवण्याचे काम याच सेन्सरने करायचे आहे. त्यासाठी 'नो_सस्पेंड' हा फ्लॅग पुरेसा आहे का?

उत्तर : नाही, आणि तो लावूही नये. तो फ्लॅग टायमरसारख्या, सस्पेंडच्या वाटेवरही ज्यांचा हँडलर चालूच राहिला पाहिजे अशा मोजक्या इंटरप्टसाठी आहे. त्यामुळे यंत्र उठेलच अशी कोणतीही हमी मिळत नाही. वाटून घेतलेल्या लाइनीवर एकाने तो लावला, तर सस्पेंडच्या काळात त्या लाइनीवरच्या सगळ्यांचे हँडलर चालू राहतात, आणि पहिल्या उत्तरातला डी3 चा घोळ पुन्हा दारात उभा राहतो. उठवण्यासाठी सस्पेंडमध्ये 'एनेबल_आयआरक्यू_वेक' आणि रिझ्यूममध्ये त्याचा उलटा कॉल वापरावा. लाइन 'डिसेबल_आयआरक्यू'ने बंद असली, तरी वेकची सोय स्वतंत्र राहते, असा कर्नेलचा करार आहे.

प्रश्न : रनटाइम पॉवर मॅनेजमेंट (संगणक चालू असतानाच रिकामे उपकरण झोपवण्याची सोय) चालू केल्यावर आम्ही उपकरणाला जागे करण्यासाठी हँडलरमध्येच 'पीएम_रनटाइम_गेट_सिंक' बोलावतो, तर 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' (झोपण्यास मनाई असताना झोपलात) अशी तक्रार येते. त्याऐवजी 'पीएम_रनटाइम_सस्पेंडेड' तपासले तर चालेल का?

उत्तर : हार्ड हँडलरमध्ये, म्हणजे इंटरप्ट येताच तिथल्या तिथे चालणाऱ्या हँडलरमध्ये, झोप घेता येत नाही, म्हणून पहिला मार्ग बंदच आहे. दुसरा बराचसा चालतो, पण त्यात एक फट राहते : रनटाइम सस्पेंडचा कॉलबॅक पूर्ण होईपर्यंत उपकरणाची नोंद 'सस्पेंडेड' अशी होत नाही, आणि त्याच कॉलबॅकमध्ये तुम्ही क्लॉक (उपकरणाला चालवणारा स्पंदनांचा संकेत) बंद करता. क्लॉक बंद झाले आहे पण नोंद अजून बदललेली नाही, अशा क्षणी शेजाऱ्याचा इंटरप्ट आला, तर तुमचा हँडलर मृत रजिस्टर वाचायला जातो, आणि काही एसओसींवर (प्रोसेसर व उपकरणे एकाच चिपवर असलेल्या यंत्रांवर) अशा वाचनाने बसच अडकते. ड्रायव्हरचा स्वतःचा एक फ्लॅग ठेवावा. मास्क बंद करून फ्लॅग लावावा, मग 'सिंक्रोनाइझ_आयआरक्यू' बोलवावे, आणि क्लॉक त्यानंतर बंद करावे. हँडलर एक तर फ्लॅग पाहून 'आयआरक्यू_नन' देत परत जातो, नाहीतर त्याच्यासाठी थांबलेले असते. तिसरी शक्यता उरत नाही. रिझ्यूममध्ये क्लॉक चालू झाल्यावर, पण मास्क उघडण्याआधी, फ्लॅग काढावा.

हे पडताळून पाहण्यासाठी 'कॉन्फिग_डीबग_शर्क' हा पर्याय लावून कर्नेल बांधावा. वाटून घेतलेली लाइन सोडताना कर्नेल मुद्दाम एक जादा इंटरप्ट आल्याचे भासवून तुमचा हँडलर बोलावतो, आणि उपकरण आवाक्याबाहेर असताना रजिस्टरला हात लावणारा हँडलर तिथेच पकडला जातो.