तीन लाखांची ठेव मोडून पवनचक्की उभारावी का?

जत तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वाटणी झाली, जुनी विहीर आणि वीजजोडणी थोरल्या भावाकडे गेली. यांच्या वाट्याला तीन एकर डाळिंब आणि ओढ्याकाठची वीस फूट रुंद, पंचावन्न फूट खोल विहीर आली, पण तिथे वीज नाही. सध्या डिझेल इंजिन भाड्याने आणून भागवतात. बँकेत तीन लाखांची मुदत ठेव पुढच्या महिन्यात पिकते आहे. एक फॅब्रिकेटर पावणेतीन लाखांत पाण्याची पवनचक्की उभी करून देतो म्हणतो. ‘समोरच्या माळावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, मग आमच्या विहिरीवर का नको?’ असं ते विचारतात. पाचशे फूट बोअर मारावी का, हाही प्रश्न आहे.

नमस्कार. ठेव मोडू नका, आणि बोअरही नको. कारण सांगतो.

माळावरच्या पवनचक्क्या वीज करतात आणि ती तारेतून कुठेही नेता येते. तुम्हाला दाखवलेली चक्की म्हणजे वाऱ्याने चालणारा हापसा. वर पात्यांचं चाक, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात दट्ट्या. हापशावर आपण हाताने दांडा खालीवर करतो, इथे तेच काम वारा करतो. पण हा दांडा सरळ खाली जातो, म्हणून चक्की विहिरीच्या डोक्यावरच उभी करावी लागते. वारा आहे माळावर, तोही जमिनीपासून दीड-दोनशे फुटांवर. तुमची विहीर आहे ओढ्यात, दोन्ही बाजूंना चढ आणि बाभळी. फॅब्रिकेटरचा मनोरा तीस फुटांचा.

वाऱ्याचं गणितही निष्ठुर आहे. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. पाच मीटर व्यासाचं चाक सेकंदाला चार मीटरच्या वाऱ्यात दिवसरात्र फिरलं, तर तुमच्या खोलीवरून, म्हणजे सुमारे वीस मीटरवरून, दिवसाला पन्नासेक हजार लिटर पाणी काढेल. आकडा छान दिसतो, फॅब्रिकेटरही बहुधा हाच दाखवत असेल. वारा तीन मीटरवर आला की वीस-बावीस हजार. दोनवर आला की चाक बहुतेक वेळ उभंच.

आपल्याकडे जोराचा वारा कधी असतो? जूनपासून ऑगस्टपर्यंत. तुम्ही हस्त बहार धरता, म्हणजे पावसाळा सरताना डाळिंबाला फुलं आणता. त्यामुळे पाण्याची खरी गरज ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही हिवाळ्याचे दिवस म्हणजे पान हलत नाही असे. अमेरिकेत 1854 साली डॅनियल हॅलाडे यांनी वाऱ्यानुसार आपोआप वळणाऱ्या चक्कीचं पेटंट घेतलं. अशा चक्क्या तिथल्या माळरानांवर गुरांना आणि रेल्वेच्या इंजिनांना पाणी द्यायच्या. ते चाललं, कारण थोडं थोडं पाणी टाकीत साठवत राहायचं होतं. ठरावीक महिन्यांत, ठरावीक पाणी मागणाऱ्या बागेचं गणित वेगळं.

माझ्या मामांनी एकदा अशी चक्की बसवली होती. चामड्याचा वॉशर झिजला की दांडा हलायचा, पाणी यायचं नाही. तो बदलायला अख्खी दांड्यांची लड वर ओढावी लागे. बसवणारा माणूस धंदा सोडून गेल्यावर ती तशीच उभी राहिली, शेवटी भंगारात किलोवर विकली. तुमचा फॅब्रिकेटर पाच वर्षांनी कुठे असेल, हे त्याला विचारून पाहा.

आता पैशाचं. पावणेतीन लाखांवर सात टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला एकोणीस हजार व्याज बुडतं. वीस वर्षांचं आयुष्य धरून घसारा पावणेचौदा हजार, वर डागडुजी पाचेक हजार. म्हणजे वर्षाला अडतीस हजार. यातून वाचतं काय? तुम्ही लिहिलंय की उपसलेली विहीर डिसेंबरात रात्रीत चार फूट भरते. वीस फूट रुंद विहिरीत एक फूट पाणी म्हणजे जवळजवळ नऊ हजार लिटर, म्हणजे रोजचे पस्तीस हजार. ते वीस मीटर उचलायला पंपाची गळती-घट धरून चार युनिट पुरतात! पाच एचपीच्या मोटारीला हे तासाभराचं काम आहे.

म्हणून माझं मत सौर पंपाकडे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच ते पाच एकरांना पाच एचपीचा पंप बसतो. पण मी तुम्हाला तीन एचपीचाच मागायला सांगेन. तीन एचपीसुद्धा चांगल्या उन्हात तुमची विहीर उपसून कोरडी करेल, मग पाच कशाला? हिस्सा महावितरणच्या पोर्टलवरूनच भरा. फोन करून ‘लवकर मंजूर करतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. अर्जासाठी सातबारा स्वतंत्र हवा आणि त्यावर विहिरीची नोंद हवी. वाटणीनंतरचा फेरफार झाला नसेल, तर आजच तलाठ्याकडे जा. पंप यायला काही महिने लागू शकतात, तोवर डिझेलचं भाडं धरून ठेवा. पॅनेल आठवड्याला पुसावे लागतात, एवढं मात्र नक्की.

भावाच्या मोटारीला बिल नाही, याची खंत पत्रात जाणवली. साडेसात एचपीपर्यंतची मोफत वीज जाहीर झाली आहे ती मार्च 2029 पर्यंत. त्याला रात्रपाळीत मोटार चालू करायला उठावं लागतं, तुम्हाला लागणार नाही.

बोअरचं म्हणाल, तर आपला खडक काळा पाषाण. पाणी वरच्या मुरमात आणि भेगांत असतं, पाचशे फुटांवर ते लागेलच असं नाही. लागलं तरी तेच लिटर चारशे फुटांवरून उचलायचं म्हणजे सहापट काम, आणि विहिरीचे झरे त्या बोअरकडे वळले तर दोन्हीकडून गेलं. शेजारच्या दोन बोअर कोरड्या गेल्याचं तुम्हीच लिहिलंय. तेवढ्यावर लाखभर रुपये लावणं हा जुगार झाला.

ठेवीचं असं करा. दीड लाख पुन्हा एक वर्षासाठी ठेवा, दोन तुकड्यांत, म्हणजे निकड आली तर एकच मोडता येईल. साठ-सत्तर हजारांत ठिबक नवी करा. अल्पभूधारकांना त्यावर ऐंशी टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते नंतर हाती येतं, म्हणून आधी पैसे हवेत. उरलेले सौर हिस्सा, डिझेल आणि घरखर्चाला बचत खात्यात. पीककर्ज मात्र यातल्या कशालाही वापरू नका. ते वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते, आणि लोखंडात गाडलेले पैसे मार्चमध्ये बाहेर येत नाहीत.

एप्रिलमध्ये विहीर पुन्हा उपसून दोर टाका आणि सकाळी किती फूट चढली ते लिहून ठेवा. दीड फुटापेक्षा कमी चढली, तर पुढच्या वर्षी तीन एकरांपैकी किती झाडांना बहार धरायचा, हे आधी ठरवावं लागेल.