थंडीत ट्यूबलाइट पेटत नाही, म्हणजे ती खराब झाली का?

नाशिकच्या थंडीत पहाटे ट्यूब बराच वेळ लुकलुकते, ती बदलावी का आणि तिच्याऐवजी एलईडी लावल्यास थंडीने तोही बिघडेल का, असे आपण विचारले आहे. ट्यूब बहुधा चांगली आहे. याच गोष्टीवरून माझ्या थोरल्या बंधूंनी मला दोन हिवाळे स्वस्तातला माल आणणारा ठरवले होते, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटलेल्या असतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये क्रेट मोजायला उजेड हवा असतो. तेथे मी चोक आणि स्टार्टरच्या चार ट्यूब बसवल्या होत्या. दिवाळीपर्यंत त्या बटण दाबताच पेटत. जानेवारीत मात्र स्टार्टर नुसता टकटक करत राही, नळीची टोके तांबूस होऊन विझत आणि पेटलीच तर उजेड आत सापासारखा वळवळे. दादांनी मजुरांसमोर मला सुनावले, "चार पैसे वाचवलेस ना, आता बॅटरी धरून उभा राहा." मग त्यांनी स्वतः दोन महाग ट्यूब आणल्या. त्याही तशाच लुकलुकल्या, तेव्हा दोष वायरमनचा ठरला.

वस्तुतः दोष पाऱ्याचा होता, आणि हा पारा ट्यूबमधला. नळीत पाऱ्याचा अगदी थोडा अंश असतो, त्याची वाफ विजेच्या प्रवाहाने अतिनील किरण देते आणि काचेच्या आतील पावडर त्यांचे पांढऱ्या उजेडात रूपांतर करते. ही वाफ पुरेशी तयार होण्यासाठी नळी कोमट असावी लागते. जाड, जुन्या पद्धतीच्या ट्यूब भोवतालचे तापमान सुमारे 25 अंश असताना सर्वाधिक उजेड देतात, बारीक टी-5 ट्यूबला सुमारे 35 अंश लागतात, आणि शून्याजवळ उघड्या पट्टीतील ट्यूबचा उजेड निम्म्याच्या आसपास येतो. सीएफएलचेही दुखणे तेच. तो पेटतो, पण उजळायला वेळ घेतो. पिवळ्या बल्बला थंडीची फिकीर नसते, कारण त्याची तार 2,400 अंशांच्या घरात तापते आणि बाहेरचे वीस अंश तिच्या खिजगणतीतही नसतात.

एलईडीचे गणित उलटे आहे. त्याला उष्णता मारते, थंडी मानवते. गारव्यात तो किंचित अधिक उजेड देतो आणि टिकतोही जास्त. त्याची नाजूक बाजू म्हणजे आतला ड्रायव्हर, म्हणजे घरची वीज एलईडीला हवी तशी करून देणारे सर्किट, कारण त्यातील कपॅसिटरची क्षमता कडाक्याच्या थंडीत घटते. परंतु ती अडचण शून्याच्या बरीच खाली येते, नाशिकला नव्हे. तेव्हा एलईडी खुशाल लावा. बॅटरीवरचा सौर दिवा असेल, तर मात्र थंडीत बॅटरी कमी वेळ पुरते.

दादांशी माझा वाद येथे मिटला नाही. त्यांनी फेकून दिलेली ट्यूब मी चुलीजवळच्या स्वयंपाकघरात लावली, ती पहिल्याच झटक्याला पेटली, आणि मी त्यांना हाताला धरून दाखवायला आणले. ते म्हणाले, "घरातली लाइन वेगळी, शेडची वेगळी."

हे सांगायला मला आवडत नाही, पण त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. घर गावठाणाच्या लाइनवर आहे आणि शेड शेतीच्या. ज्या रात्री थंडी वाढते, त्याच रात्री द्राक्षे वाचवण्यासाठी सगळे बागायतदार बागांना पाणी देतात, मोटारी एकदम चालू होतात आणि शेतीच्या लाइनचा दाब पडतो. कमी दाबाने ट्यूब उन्हाळ्यातही अडखळते. म्हणून आपल्याकडे पहाटे पंखाही मंद फिरत असेल, तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. ट्यूबची दोन्ही टोके काळी पडली असतील, तर ती खरोखरच संपली आहे आणि थंडीला बोल लावू नये.

आता शेडमध्ये एलईडी आहेत आणि "शेवटी महागच माल आणावा लागला ना," असे दादा अजूनही म्हणतात. माझ्या चारही ट्यूब माळ्यावर ठेवल्या आहेत. एकीचेही टोक काळे नाही.