मुलांना घेऊन बर्लिनला येताय, तर आधी त्यांना सांगा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मार्चमध्ये मिस्टरांच्या नोकरीसाठी पुणं सोडून बर्लिनला यायचंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. मुलीला ‘अजून नीट सांगितलेलं नाही’, पण हल्ली ती रात्री उठून तुमच्या कुशीत येऊन झोपते आणि सकाळी रिक्षाकाका यायच्या वेळेला तिचं पोट दुखतं. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तुम्ही विचारताय की भाषा येत नसताना ही तिकडे कशी निभावणार, धाकट्याच्या पाळणाघराचं काय, आणि बॅगेत काय घ्यायचं.

पहिलं म्हणजे, तिला माहीत आहे. घरात पासपोर्टच्या झेरॉक्स पडल्यात, फ्लॅट भाड्याने द्यायचं बोलणं चाललंय, आजी मधूनच डोळे पुसतेय. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं जुळवायला कितीसा वेळ लागतो! तिला माहीत नाही ते इतकंच, की या विषयावर घरात बोललेलं चालतं का.

हे शहाणपण चूक करून आलंय. आम्ही जानेवारी २०१८मध्ये इथे आलो. मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी तीनची. मुलाला आम्ही सांगितलं होतं, ‘बाबाच्या ऑफिसचं काम आहे, थोडे दिवस जाऊन येऊ.’ उगाच रडारड नको म्हणून. त्याची लाल सायकल वॉचमनच्या मुलाला देऊन टाकली, तीही तो सांगलीला आजीकडे गेला होता तेव्हा. इथे आल्यावर एका रात्री त्याने विचारलं, “सायकल पार्किंगमध्येच आहे ना? तिच्यावर काही झाकलंय ना?” मी हो म्हणाले. पुढे एप्रिलमध्ये शेजारणीने कौतुकाने फोटो पाठवला, वॉचमनचा मुलगा त्या सायकलवर. फोन नेमका मुलाच्या हातात होता. रडला नाही. “म्हणजे आपण परत जाणार नाही आहोत,” एवढंच म्हणाला. त्यानंतर वर्षभर तो आमची प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घ्यायचा. “शाळा सुटल्यावर तूच येणार ना? नक्की? फोन बंद पडला तर?” नवा देश, नवी भाषा यांची भीती होतीच, पण तिच्याखाली ही दुसरी होती आणि ती आम्ही घातलेली होती.

तेव्हा या आठवड्यातच सांगा. तारीख सांगा. किती वर्षांसाठी ते सांगा. ठरलेलं नसेल तर ‘आम्हालाही माहीत नाही’ असं सांगा, तेही चालतं. ‘तिकडे बर्फ असतो, मज्जा येईल’ हे मात्र नको. मार्चमधलं बर्लिन म्हणजे बहुतेक करड्या रंगाचं आभाळ आणि ओले फुटपाथ, पहिल्याच आठवड्यात तुम्ही खोट्या पडाल. ती चिडली, ‘मी येणार नाही’ म्हणाली, तर लगेच समजूत घालू नका. ‘त्यात काय घाबरायचं, किती मुलं जातात’ हे आपल्या तोंडी इतकं बसलंय की बोलून गेल्यावर कळतं. त्याचा मुलाला ऐकू येणारा अर्थ असा की घाबरणं हीसुद्धा आपलीच चूक. ‘हो, मैत्रिणी सुटणार, वाईट वाटणारच’ म्हणा आणि थोडा वेळ गप्प बसा. हे फार कठीण आहे, मला अजून जमत नाही.

आणि निरोप घेऊ द्या. शाळेतल्या बाईंचा, रिक्षाकाकांचा, सोसायटीच्या कुत्र्याचासुद्धा. कुठली खेळणी कुणाला द्यायची ते तिने ठरवायचं आणि तिच्या हाताने द्यायचं.

आता पोट. पोट खरंच दुखतं, ती नाटक करत नाही. डॉक्टरांनी तपासलंय हे बरं केलंत. आमच्याकडे इथली शाळा सुरू झाल्यावर रविवारी संध्याकाळपासून दुखायला लागायचं. मी आईला फोनवर म्हणाले, “त्याच्या पोटात गोळा येतो गं,” आणि मागून हा म्हणाला, “केवढा गोळा?” त्यातून एक खेळ निघाला. गोळा तीन मापांचा: शेंगदाणा, लिंबू, नारळ. सकाळी बूट घालताना मी विचारायची, आज काय? शेंगदाणा असेल तर विषय संपला. लिंबू असेल तर कशाचं लिंबू ते सांगायचं: मधल्या सुट्टीचं, गणिताच्या तासाचं, बाथरूमला जायचं जर्मनमध्ये विचारण्याचं. नारळ असेल तर मी गेटपर्यंत सोडायला जायची. पण घरी राहायचं नाही. हा नियम आम्ही दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा तेच झालं: दहा वाजता पोट ठणठणीत, दुसऱ्या दिवशी लिंबाचा नारळ. भीतीपासून सुटका मिळाली की भीती शहाणी होते, पुढच्या वेळी लवकर येते. मुलाच्या सोबतीने पुढे जायचं, फक्त पायऱ्या लहान ठेवायच्या.

पायऱ्या म्हणजे कशा, तर इथे आठ-नऊ वर्षांची मुलं बिनधास्त एकटी शाळेत जातात. रिक्षाकाका नाहीत, स्कूलबस सहसा नाही. आपल्या मुलांना (आणि आपल्याला) हे भयंकर वाटतं. पहिले दोन आठवडे मी शाळेच्या दारापर्यंत गेले. मग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. मग सिग्नलपर्यंत. पूर्व बर्लिनच्या सिग्नलवर हॅटवाला छोटा माणूस असतो, आम्पेलमान म्हणतात त्याला; मुलगा म्हणायचा, “आता तो नेतो मला, तू जा.” मेअखेर तो घराच्या दारातून एकटा जायला लागला. मी गॅलरीतून मान लांब करून बघायची, ते त्याला अजून माहीत नाही.

शाळेचं बोलायचं तर, बर्लिनमध्ये पहिली-दुसरीच्या वयाची मुलं थेट नेहमीच्या वर्गात बसतात. तिसरीपासून पुढच्या, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी ‘विलकॉमेन्सक्लासे’ असतो, म्हणजे आधी भाषा शिकवणारा वेगळा वर्ग. तुमची मुलगी बहुधा तिथे जाईल. तिला कमी लेखलंय असं वाटून घेऊ नका. सीरियाची, युक्रेनची, व्हिएतनामची मुलं, सगळीच अडखळणारी. त्यात अडखळायची लाज वाटत नाही. आमच्या मुलाला सगळ्यात मोकळं तिथेच वाटलं, घालमेल झाली ती नंतर नेहमीच्या वर्गात गेल्यावर. त्या बदलाकडे लक्ष ठेवा.

ती पहिले काही महिने शाळेत तोंडच उघडणार नाही, असं होऊ शकतं. नवी भाषा शिकणाऱ्या पुष्कळ मुलांचं होतं. ती आधी ऐकून साठवतात. घरी मराठीत भांडत असेल, हसत असेल, खेळायला एखादं मूल मिळालं असेल, तर धीर धरा. आम्हाला एका शिक्षिकेने सुचवलं होतं की घरी जर्मन बोला. आमचं तेव्हाचं जर्मन ‘एक ब्रेड द्या’ एवढंच! त्या भाषेत लेकराचं दुःख कसं ऐकणार? आम्ही मराठीच ठेवली आणि एवढा एक निर्णय बरोबर ठरला. महिनोन्‌महिने गेले तरी ती शाळेत खुणासुद्धा करत नसेल, तर मात्र ते वेगळं, मग तज्ज्ञांना दाखवा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगते: पोहणं. बर्लिनमध्ये तिसरीला शाळेतूनच पोहण्याचे तास असतात आणि ते सक्तीचे असतात. वर्गातली बरीच मुलं तोवर पोहायला शिकलेली असतात, कपडे सगळ्यांसोबत बदलायचे, सूचना जर्मनमध्ये. माझ्या मुलाचे सगळ्यात मोठे नारळ बुधवारचे, पोहण्याच्या दिवसाचे होते. मुलगी तिसरीत बसली तर तिच्यावरही हे येईल. हातात दोन-तीन महिने असतील तर टिळक टँकवर किंवा जवळ जिथे जमेल तिथे घाला तिला. जर्मनच्या क्लासपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

धाकट्याचं सोपं आहे, कारण तिथे व्यवस्थाच चांगली आहे. पाळणाघराला इथे ‘किटा’ म्हणतात आणि मूल रुळवण्याच्या काळाला ‘आइनगेव्योनुंग’. बर्लिनच्याच नावाची एक पद्धत जर्मनीभर वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत त्याच खोलीत, तासभर बसतात आणि दोघं मिळून घरी येतात. चौथ्या दिवशी पहिल्यांदा, तेही थोड्याच मिनिटांसाठी, बाहेर जायचं. आणि चौथा दिवस सोमवार असेल तर तेही नाही, कारण शनिवार-रविवारने मूल पुन्हा घराला चिकटलेलं असतं. सगळं पार पडायला दोन-तीन आठवडे, कधी जास्त. मिस्टरांना ऑफिसात आधीच सांगून ठेवा.

माझी तिथे फजिती झाली. चौथ्या दिवशी मुलगी खेळण्यात रमलेली बघून मी आपल्या पद्धतीने गुपचूप सटकले. ताईंनी मला कॉरिडॉरमध्ये गाठून परत आणलं. “तिला सांगून जा. ती रडेल, मी आहे.” मुलगी रडलीच. तीन-चार मिनिटं, मी दाराबाहेर घड्याळ बघत होते. पण दुसऱ्या दिवसापासून ती मागे वळून वळून मला शोधायची थांबली. मी न सांगता नाहीशी होत नाही, हे तिला कळलं होतं. सायकल आठवली मला तेव्हा.

मोठ्यांचं बोलणं जपून. नोकरीच्या सुरुवातीला सहसा सहा महिन्यांचा ‘प्रोबेत्साइट’, म्हणजे चाचणीचा काळ असतो, त्यात काढून टाकणं सोपं. आम्ही जेवताना त्यावर बोलायचो, मुलं ऐकत नाहीत असं समजून. एकदा मुलाने विचारलं, “बाबाला काढलं तर आपण घरी जाऊ ना?” आणि डोळ्यांत चक्क आशा. नवरा हसला, मग बराच वेळ उठलाच नाही. आणि तुम्ही स्वतः: घरी एकट्या, भाषा नाही, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. तुम्ही कोमेजलात की मुलं आधी ओळखतात. जर्मनचा क्लास, मंडळाचा गणपती, काहीही धरा, पण घराबाहेर पडा.

आजीशी व्हिडिओ कॉल रोज नको. आमची आई दिसली की ‘कधी येणार रे राजा’ म्हणून रडायची, मग हा रडायचा. तिला काम दिलं: साप-शिडीचा एक पट तिच्याकडे, एक आमच्याकडे. हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक. शनिवारी आमची दुपार ही तिची संध्याकाळ, दिवाबत्तीच्या आधी एक डाव. खेळात मन गुंतलं की रडणं आपोआप कमी झालं. आई सोंगट्या सरकवताना लबाडी करायची, त्यावर भांडणं व्हायची ती वेगळी.

मदत कुठे मिळेल ते लिहून ठेवा. निघायच्या आधीच झोप-पोटाचं वाढलं तर तिथेच मराठीत बोलता येईल असं कुणी गाठा. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केली, आणि सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते. इथे आल्यावर पहिली पायरी मुलांचे डॉक्टर. बर्लिनच्या प्रत्येक भागात शाळेच्या मुलांसाठी ‘झिबुत्स’ नावाचं समुपदेशन केंद्र असतं, पालक थेट जाऊ शकतात. सरकारी आरोग्य विम्यात मुलांची मानसोपचार थेरपी बसते, पण नंबर लागायला महिने जातात, म्हणून पहिल्या भेटीसाठी डॉक्टरांची वेळ मिळवून देणाऱ्या ११६११७ या नंबरवर लवकर फोन करा. मुलीला भाषा आली की तिला ११६१११ हा मुलांचा मोफत नंबर सांगून ठेवा, तिथे नाव सांगावं लागत नाही. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण तुटलं, शाळेला ठाम नकार, असं दिसलं तर ‘रुळेल हळूहळू’ म्हणत बसू नका. जगावंसं वाटत नाही असं काही बोलली, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि धोका वाटला तर ११२, तो तातडीच्या मदतीचा नंबर.

राहता राहिली बॅग. जाड कोट इथे घ्या, तिथले उपयोगाचे नाहीत. मुलीची उशी, ती वापरते ती आणा. आजीच्या लुगड्याची गोधडी असेल तर धुवू नका, तशीच आणा. माझा मुलगा पहिला हिवाळा तिच्यात नाक खुपसून झोपला. वजनात बसत नसेल तर कुकर काढा. कुकर इथे मिळतो.