नवीन घोडीला दिवसाला किती पाणी लागतं? धावून आल्यावर लगेच पाजलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडी आणली, शेतावर बांधलीय, बोअरचं पाणी आहे आणि शेजारचे म्हणतात सकाळ-संध्याकाळ एकेक बादली पाजली की झालं. नाही हो, तेवढ्याने अजिबात नाही भागत. मोठ्या घोड्याला नुसतं उभं राहायला पण दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर लागतं, उन्हाळ्यात, कामात किंवा दूध पाजणारी घोडी असेल तर याच्या दुप्पट सुद्धा. त्यामुळे पाणी चोवीस तास समोरच ठेवा. कोरडा कडबा खाऊन पाणी कमी पडलं की आतड्यात चारा अडकतो आणि पोटशूळ उठतो, घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून हे जिवावर बेततं.

आता नवीन जागेचं पाणी. बोअरचं पाणी खारट किंवा जड असलं की बाहेरून आलेलं जनावर तोंड लावून सोडून देतं, आपल्याला वाटतं तहान नाही. सुरुवातीला बादलीत थोडा गूळ विरघळवून बघा, मग रोज गूळ कमी करत न्या. किती प्यायली ते कळावं म्हणून पहिले काही दिवस बादलीनेच पाजा आणि मोजा. पाणी कमी पडतंय अशी शंका आली तर हिरडी बोटाने दाबा, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदात परत गुलाबी झाली पाहिजे.

धावून आल्यावर पाणी देऊ नये हे मी पण लहानपणापासून ऐकत आलोय, पण तापलेल्या घोड्याला तहानलेलं ठेवण्यात काही फायदा नाही. थोडं चालवत थोडं थोडं पाजा, अंगावर पाणी मारा. चंदी, म्हणजे दाणा, मात्र श्वास शांत झाल्यावर, तासाभराने.

आणि हे कृपया मनावर घ्या, जत्रेत, वरातीला, कुठेही गेलात तरी आपली बादली आणि आपला तोबरा (तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) सोबत न्या, सगळ्यांच्या हौदावर पाजू नका. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग अशाच सामाईक पाण्यातून आणि चाऱ्यातून पसरतो, तो माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर उपचार नाही, त्याला मारावंच लागतं. रक्ताची तपासणी सरकारी पशुवैद्यकांकडून करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत घोडी दुसऱ्या घोड्यांपासून लांबच बांधा. घरची टाकी पण रोज घासा, हिरवं शेवाळ धरलेलं पाणी नको.

बाकी खरारा (ब्रशने अंग घासणं) रोज, खुरं रोज उचलून आतली लीद-माती काढायची, नालबंद सहा-आठ आठवड्यांनी, मिठाचा खडा कायम समोर. आणि गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोडीला चुकूनही घालू नका, त्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला ते चालतं पण घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. गोठा शेजारीच असेल तर ती पोती कुलपात ठेवा.