ॲमस्टरडॅमला गेल्यावर तिथली पारंपरिक दारू कोणती चाखावी?

येनेव्हर. जिनचा जन्म हिच्यातूनच झाला, पण टॉनिक मागू नका, मजा जाते.

डाम चौकाजवळच्या गल्लीत विनांड फॉकिंकचा १६७९ पासूनचा गुत्ता आहे (गुत्ता म्हटलं तरी झकास!). तिथे उभ्यानेच प्यायची. ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास इतका काठोकाठ भरतात की उचलला की सांडलाच. म्हणून पहिला घोट हात न लावता, काउंटरवर वाकून ओढायचा. लाजू नका, सगळेच वाकतात.

'योंगे' (म्हणजे तरुण) आणि 'आउडे' (म्हणजे जुनी) असे दोन प्रकार मिळतात. फरक वयाचा नाही, पद्धतीचा. योंगे व्होडकासारखी सपक वाटते. आउडेमध्ये धान्यापासून काढलेली माल्ट वाइन किमान १५ टक्के असते, त्यामुळे चवीला भरीव. माझं मत आउडेला. बिअर सोबत घेतलीत तर मात्र जरा जपून.