वावर विकू नका, आधी निकालाची प्रत हाती घ्या

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मोठ्या बाबांना खुनाच्या केसमध्ये जन्मठेप झाली, त्या रात्री ते ओलिताला वावरात होते हे गावाला माहीत, वकील म्हणतात "आता काही होत नाही", आणि घरच्यांनी तीन एकर विकायला काढलं. ते विकणं आजच थांबवा.

मी बारा वर्षं आमच्या तालुक्यात विधी स्वयंसेवक म्हणून फिरतो. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील हा त्यांचा हक्क आहे, आणि तिथे सगळा साक्षी-पुरावा पुन्हा तपासला जातो. मुदत 60 दिवसांची. ती उलटली असली तरी उशीर माफ करून मागता येतो. वकिलाचा खर्चही नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. मोठ्या बाबांनी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अर्ज द्यावा. तुम्ही जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 ला फोन लावा.

आता खरं काम. निकालाची एक प्रत त्यांना फुकट मिळालेली असणार, तुरुंगात भेटीला गेलात की विचारा. साक्षींच्या आणि पंचनाम्यांच्या नकला कोर्टातून काढा आणि दोन रात्री घालवा, पण स्वतः वाचा. आपली माणसं इथेच मागे राहतात. कागद वकिलाच्या कपाटात आणि आपण कोर्टाच्या पायरीवर.

आमच्या भागातली एक केस सांगतो. "आरोपीने कुऱ्हाड काढून दिली" हाच मुख्य पुरावा. ठाण्यात त्याचं "कुऱ्हाड काढून देतो" हे निवेदन लिहून संपल्याची वेळ दुपारी 4.10, नाल्याकाठी कुऱ्हाड जप्त केल्याची वेळ 4.25. मधलं अंतर 19 किलोमीटर, आणि तो पांदण रस्ता पावसाळ्यात बैलबंडीलाही जड. दोन्ही कागदांवर तेच दोन पंच, आणि त्यातल्या एकानं उलटतपासणीत सांगितलं होतं की सह्या ठाण्यातच झाल्या. खालच्या कोर्टात या वेळांवर कोणी बोटच ठेवलं नव्हतं. त्याच्या बायकोनं, सातवी शिकलेल्या बाईनं, त्या दोन ओळी पेन्सिलीनं अधोरेखित करून मला दाखवल्या. अपीलात तो सुटला. तोवर सहा वर्षं गेली होती, आणि लेकीचं लग्न बापाविना झालं होतं. ते आठवलं की आजही माझा जीव तुटतो.

म्हणून वेळा बघा, पंच कोण ते बघा, कपड्यांवरच्या रक्ताचा अहवाल नेमकं काय म्हणतो ते बघा. वस्तू चारचौघांच्या वहिवाटीच्या जागी सापडली असेल तर तो पुरावा कच्चा धरला जातो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब तर पुरावाच नाही, त्यातून वस्तू सापडली तर तेवढाच भाग धरला जातो. ओलिताला सोबत कोण होतं, त्याची साक्ष का झाली नाही, हेही लिहून काढा. नवा पुरावा घेण्याचा अधिकार अपील कोर्टाला आहे, पण तो सहजी वापरला जात नाही, म्हणून भिस्त जुन्या कागदांवर ठेवा.

धीर सुटू देऊ नका. महाराष्ट्रातल्याच 2003 च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशीच ठरवली. त्याच न्यायालयानं 5 मार्च 2019 ला सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चार जण ओळखले होते, आणि त्यांच्यामागे तपास गेलाच नव्हता. हे सगळं पहिल्या दिवसापासून फाइलीत पडून होतं.

अपीलासोबत शिक्षा स्थगित करून जामीन मागायला वकिलांना सांगा. पहिल्यांदा नाकारला तर अपील रखडलं म्हणून पुन्हा मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या कश्मिरा सिंग निकालापासून हा आधार आहे.

निकालाच्या शेवटच्या पानावरची तारीख इथं कळवा. 60 दिवसांतले किती उरलेत ते मोजू, आणि नकलेचा अर्ज कसा लिहायचा ते मी लिहून देतो.